लाल ठिपक्याचं स्टूल

पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर तरी लोक नावाने हाक मारतील, असं त्याच्या बायकोला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कारखान्यात ते 'सुतभरसाहेब' होते, गल्लीतही सुतभरसाहेबच राहिले. साहेबांना स्वतःला या नावातली ढिलाई खटकायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षाही जास्त. एवढी ढळढळीत चूक त्यांनी आयुष्यात कधी पुढे जाऊ दिली नव्हती. ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे गिऱ्हाईक. पण टोपणनावं ठेवणारे काही मोजून ठेवत नाहीत.

काम सरळ होतं. लेथवर कातलेले पोलादी भाग त्यांच्या टेबलावर यायचे. साहेब ते व्हर्नियरच्या जबड्यात धरायचे, चष्म्यावरून बघायचे, आणि फॉर्म भरायचे. फॉर्मला तीन रकाने: मान्य, अमान्य आणि शेरा. भाग मान्य झाला तर उजवीकडच्या पेटीत. अमान्य झाला तर त्यावर लाल रंगाचा एक ठिपका, आणि रवानगी थेट हातोड्याखाली, म्हणजे चुकूनसुद्धा तो कुणी वापरू नये. शेऱ्याच्या रकान्यात साहेब आडवी रेघ मारायचे. चौतीस वर्षं त्यांनी तिथे रेघच मारली. सांगण्यासारखं काय असतं? एक तर भाग बसतो, नाहीतर बसत नाही.

घरीही हाच खाक्या. बायको एखादी साडी दाखवून म्हणाली, "छान आहे ना?" की साहेब विचारायचे, "छान म्हणजे किती?" सुरुवातीला तिला वाटायचं, हे गमतीने विचारतात. पहिली दहा वर्षं तिने वाट पाहिली, मग गैरसमज सोडून दिला.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या महिन्यात बायकोचे गुडघे कुरकुरायला लागले. खाली बसून भाजी निवडणं जमेना. तिने बाजारातून एखादं स्टूल आणायला सांगितलं. साहेब व्हर्नियर खिशात घालून गेले आणि तासाभराने हात हलवत परत आले. तपासलेल्या अकरा स्टुलांपैकी एकाचेही चारी पाय सारखे नव्हते. बाराव्याला हात लावायच्या आत दुकानदाराने त्यांना हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं होतं.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, मग तुम्हीच करा की एक. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्याला नावं ठेवलीत. आता जरा स्वतःच्या हाताने करून बघा, म्हणजे कळेल."

तिने तो टोमणा मारला होता, साहेबांनी मात्र तो कामाचा आदेश समजून घेतला. दुसऱ्याच दिवशी मागच्या दारच्या पत्र्याच्या शेडमधून सायकलचे जुने टायर बाहेर पडले आणि करवत, रंधा, दोन पटाश्या, गोंदाचा डबा आणि लाकडाच्या फळ्या आत गेल्या. भिंतीला आकृती चिकटली. बैठकीची उंची साहेबांनी जुन्या अभियांत्रिकी हँडबुकातून घेतली: चारशे पन्नास मिलिमीटर. लाल रंगाची एक छोटी डबी आणि बारीक ब्रशही आणला. बायकोने विचारलं, हा कशाला? साहेब म्हणाले, पद्धत आहे.

पहिल्या स्टुलाला आठ दिवस लागले. चार पायांपैकी तीन जमिनीला टेकत होते आणि चौथा वरच्यावर हवा खात होता. एखाद्या अडाणी माणसाने अंदाजाने कधी हा पाय, कधी तो पाय कापत स्टुलाचा पाट केला असता. साहेब शिकलेले होते. त्यांनी आधी त्रिकोणमिती मांडली, दोनदा ताडून पाहिली, आणि मग कधी हा पाय, कधी तो पाय कापत स्टुलाचा पाट केला. शेवटी ते वीतभर उंचीचं उरलं, तरी एक पाय आखूड तो आखूडच. साहेबांनी बैठकीच्या कोपऱ्यात लाल ठिपका ठेवला, स्टूल बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "अमान्य. फोडून चुलीत घाल."

"चूल कुठाय आपल्याकडे?"

"मग फोडून टाक."

बायको ते घेऊन आत गेली.

नेमका त्याच आठवड्यात टर्नर शेडपाशी उभा राहिला. टर्नर म्हणजे कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला गडी. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. साहेबांनी सगळ्यात जास्त लाल ठिपके कुणाला लावले असतील, तर याला. कारण सगळ्यात जास्त भाग हाच करायचा. त्यातला एक ठिपका दोघांनाही पाठ होता. सव्वीस वर्षांपूर्वी टर्नरने बढतीच्या परीक्षेसाठी एक शाफ्ट कातला होता. अख्खं खातं तो बघायला जमलं होतं. आरशासारखा पृष्ठभाग, तोंड दिसत होतं त्यात. साहेबांनी तो मोजला, एक शतांशाने जाड निघाला, ठिपका लावला, शेऱ्यात रेघ मारली. टर्नरची बढती दोन वर्षं मागे पडली. त्यानंतर दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलायचे, आणि निवृत्तीनंतर कामच उरलं नाही.

आज टर्नर खांबाला टेकून साहेबांचं रंधा मारणं पाहत राहिला. खिडकीतून बायकोने त्याला हसताना पाहिलं. मग तो म्हणाला, "साहेब, पुरं झालं की मला बोलवा. तुमच्याच व्हर्नियरने तपासतो. पास झालं तर शाफ्टचं विसरलो."

"आणि नाही झालं तर?"

"तर ठिपका मी लावणार."

साहेब म्हणाले, ठीक आहे. तो गेल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला आणि भिंतीवरची आकृती पुन्हा तपासायला घेतली. पूर्वी बायकोसाठी स्टूल हवं होतं. आता एक तरी वस्तू अशी हवी होती, जी पाहून टर्नरला ब्रश उचलता येणार नाही. नाहीतर चौतीस वर्षं जे काम दुसऱ्याकडून मागितलं, ते आपल्याला स्वतःला जमत नाही हे साऱ्या गल्लीसमोर सिद्ध होणार होतं. आणि त्या शाफ्टचं ते वेगळंच.

मग स्टुलांमागून स्टुलं सुरू झाली. दुसऱ्याची बैठक एका कडेला जाड निघाली. तिसऱ्याचे पाय पुन्हा कापावे लागले, पण आता हात सुधारला होता. सात सेंटिमीटर जाऊन ते सरळ झालं, मात्र उंची चुकली. चौथ्याचा एक पाय अर्धा अंश कलला. पाचव्यात काहीच चूक सापडेना, म्हणून साहेबांनी ते उलटं केलं आणि खालच्या बाजूला कानशीचा एक ओरखडा शोधून काढला. सहावं सकाळी अगदी अचूक होतं आणि संध्याकाळपर्यंत तीन दशांश मिलिमीटर फुगलं. पोलाद असं कधी वागत नाही. साहेबांनी आधी व्हर्नियरवर संशय घेतला, तो तपासून घ्यायला पाठवला. व्हर्नियर निर्दोष सुटून आला. मग साहेब लाकडावर रागावले, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

सगळ्यांना लाल ठिपका. सगळी बायकोच्या हवाली, फोडण्यासाठी.

पण याच दिवसांत घरात काही विचित्र गोष्टी घडायला लागल्या. साहेब सकाळी चहा उभ्याउभ्याच प्यायला लागले. पहिल्या स्टुलापासून शेडमधून येणारं गुणगुणणं आता दिवसभर ऐकू यायला लागलं. सूर बेताचा, पण आनंद भरपूर. एकदा कपडे धुताना बायकोला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लाकडाची एक लांबलचक, पातळ साल सापडली, फितीसारखी गुंडाळलेली. ती टाकणार, तेवढ्यात साहेब धावत आले.

"अगं, राहू दे ती. रंध्याखालून टोकापासून टोकापर्यंत अखंड निघाली. बघ, उजेडासमोर धर. बोट दिसतं पलीकडचं."

बायकोने धरली. बोट खरंच दिसत होतं.

"छान आहे," ती म्हणाली, आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहू लागली. प्रश्न आला नाही. साहेब साल पुन्हा गुंडाळण्यात गुंगले होते. त्यांच्या भुवईत भुसा होता आणि अंगठ्याला गोंद. लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस तिला हात मळलेला दिसला. चौतीस वर्षं त्या हातांनी वस्तू फक्त उचलून खाली ठेवल्या होत्या. आता ते रात्री जेवतानाही ताटाची कड अंगठ्याने चाचपत, गोलाई नीट उतरली आहे का ते पाहत.

स्फोट झाला तो न्हाव्याच्या दुकानात.

साहेब केस कापायला गेले होते. पुढे दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांना जाणवलं की आपण बरे बसलोय. कड मांडीला टोचत नव्हती, हालत काही नव्हतं. कौतुकाने त्यांनी दोन गुडघ्यांच्या मधे पाहिलं, आणि तिथून एक लाल ठिपका त्यांच्याकडे पाहत होता.

साहेब विंचू चावल्यासारखे उठले. नाकारलेला भाग वापरात गेला होता. कारखान्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. असं एकदा झालं तेव्हा तीन माणसांच्या चौकश्या झाल्या होत्या. त्यांनी स्टूल उलटं केलं. कानशीचा ओरखडा. पाचवं.

त्यांनी न्हाव्याकडे स्टूल ताबडतोब परत मागितलं. न्हावी कात्री न थांबवता म्हणाला, "नाही मिळायचं, काका. काकूंनी स्वतः आणून दिलंय. आणि लाल ठिपक्याचं आहे."

"म्हणूनच तर! लाल ठिपका म्हणजे काय, माहीत आहे का?"

"न माहीत असायला काय झालं? लाल ठिपका म्हणजे तुमच्या हातचं. पक्कं काम." त्याने आरशातूनच रस्त्यापलीकडे मान हलवली. "त्या किराणावाल्याने बाजारातलं आणून त्यावर घरीच ठिपका काढलाय. पण लोक फसत नाहीत. त्याचा ठिपका भलताच मोठा आहे."

साहेब केस न कापताच बाहेर पडले आणि गल्लीची तपासणी करत निघाले. इस्त्रीवालीकडे दुसरं होतं; ती दिवसभर उभी असायची, आता मधूनमधून टेकत होती, आणि बैठकीची जाड कड पाठीला बरी लागते म्हणून मुद्दाम त्या बाजूने बसत होती. दवाखान्यातला कंपाउंडर चौथ्यावर चढून वरच्या फळीवरच्या बाटल्या काढत होता. चहावाल्याकडचं सहावं तर वादाचा विषय झालं होतं. त्यावर कोण बसणार यावरून दोन म्हातारे रोज पंधरा मिनिटं आधी येत. साहेबांनी प्रत्येकाला समजावलं की ही वस्तू सदोष आहे, माझी आहे, मी सांगतोय. प्रत्येकाने त्यांना विनयशील समजून हात जोडले. चहावाला तर म्हणाला, मोठी माणसं अशीच बोलतात.

घरी आल्यावर साहेबांनी बायकोला विचारलं की फोडायला दिलेली स्टुलं फुटली का नाहीत. ती मटार सोलत होती. म्हणाली, "मी फोडणार होते हो. पहिलं हातात घेतलं, हातोडीही घेतली. पण मग तुमच्या आठ दिवसांचं गुणगुणणं आठवलं." एवढं बोलून तिने पुढचा दाणा काढला. साहेब शेडमध्ये निघून गेले.

सातवं स्टूल त्यांनी सव्वीस दिवस केलं. फळी आधी पंधरा दिवस शेडमध्येच ठेवून हवेची सवय होऊ दिली. प्रत्येक पाय बसवण्याआधी खाचेत चार वेळा घालून काढून पाहिला. शेवटचा पाय आत जाताना हलकासा 'फुस्स' असा आवाज आला, आतली हवा बाहेर पडल्याचा. साहेबांनी पाय बाहेर काढून पुन्हा घातला, फक्त तो आवाज ऐकायला. मग तिसऱ्यांदा. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, संध्याकाळी मोजलं. चारशे पन्नास. लाल रंगाच्या डबीचं झाकण उघडलंच नाही.

रविवारी सकाळी टर्नरला निरोप गेला. तो आला तो काखेत कापडी पिशवी घेऊन, आणि येताना न्हावी, इस्त्रीवाली आणि चहावाल्याकडचे दोन म्हातारेही त्याच्या मागोमाग आले. बातमी कुणी फोडली हे कुणी विचारलं नाही, पण बायको आत जरा जास्तच खुशीत भांडी आवरत होती.

टर्नरने चष्मा लावला. साहेबांनी स्वतःच्या हाताने व्हर्नियर पुढे केला. टर्नरने पाय मोजले, बैठक मोजली, चारी कोपऱ्यांचे कर्ण मोजले. स्टूल उलटं करून खालचा भाग मोजला. काचेचा तुकडा ठेवून सपाटी पाहिली. वीस मिनिटं हे चाललं. शेवटी त्याने व्हर्नियर मिटला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सगळं बरोबर आहे."

साहेबांनी श्वास सोडला. एवढ्यात न्हावी पुढे झाला, स्टुलाला एक फेरी मारली आणि संशयाने म्हणाला, "पण ठिपका कुठाय? हे काकांचं नाही वाटतं." इस्त्रीवालीनेही वाकून पाहिलं आणि तिचंही तेच मत पडलं. बाजारातलं असावं. म्हाताऱ्यांनी आपसात मान हलवली. आमच्याकडचं अस्सल आहे.

साहेबांना आधी संताप आला, मग कळेना कुणावर करायचा.

टर्नर मात्र अजून स्टुलाकडेच बघत होता. "वहिनी," त्याने आत हाक मारली, "जरा येऊन बसता का?"

बायको पदराला हात पुसत आली आणि स्टुलावर बसली. बसली, आणि तिच्या टाचा जमिनीपासून वर, अधांतरी लोंबकळत राहिल्या. तिने पाय खाली पोचवायचा प्रयत्न केला, तेव्हा अंगठे तेवढे कसेबसे टेकले. बायको मुळात ठेंगणी. हँडबुकाने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब," टर्नर म्हणाला, "व्हर्नियर सगळीकडे लावलात. वहिनींचा गुडघा मोजलात का?"

टर्नरने खिडकीतली लाल डबी उचलली, ब्रश बुडवला आणि सातव्या स्टुलाच्या कोपऱ्यात सावकाश, गोल, सुबक ठिपका ठेवला. सव्वीस वर्षं मनात गिरवलेला ठिपका होता तो. कडा जरासुद्धा फाटली नाही.

"अमान्य," तो म्हणाला.

"हां, आता आलं ओळखू," न्हावी म्हणाला.

तोवर बायको आत गेली होती. येताना तिने धान्याच्या डब्याखालून एक स्टूल ओढत आणलं: तिसरं, सात सेंटिमीटर कापलेलं. त्यावर बसली, दोन्ही टाचा जमिनीवर नीट टेकवल्या आणि मटारचं ताट मांडीवर घेतलं. "मी तीन महिने यावरच बसतेय," ती म्हणाली. "रोज तुमच्यासमोर. तुम्ही कधी खाली बघितलंच नाहीत."

"आणि पहिलं?" साहेबांनी कसंबसं विचारलं. "पाटासारखं झालेलं?"

"ते माझ्याकडे," टर्नर म्हणाला. "रोज संध्याकाळी त्यावर बसतो. गुडघे हनुवटीला लागतात, पण तो आखूड पाय आहे ना, त्याने जरा डुलतं. बरं वाटतं. मोजलं मी ते, साहेब. सतरा ठिकाणी चुकलंय. पण फोडलं नाही."

मग त्याने पिशवीत हात घातला आणि एक पोलादी दांडा बाहेर काढला. एक टोक बोथट झालेलं, त्याला मिरी आणि लसणाचा वास. दुसऱ्या टोकाला लाल रंगाची पुसट खूण. साहेबांनी तो पाहताक्षणी ओळखला. हातोड्याखाली जायच्या ऐवजी तो जेवणाच्या डब्यातून घरी गेला होता आणि सव्वीस वर्षं टर्नरच्या बायकोच्या खलबत्त्यात बत्ता म्हणून राबत होता.

सवयीने साहेबांचा हात व्हर्नियरकडे गेला. अर्ध्या वाटेवर तो थांबला. त्यांनी शाफ्ट नुसताच उचलला आणि न झिजलेल्या भागावरून अंगठा फिरवला, ताटाच्या कडेवरून फिरवायचे तसा, हळू. मग उलटा. असं काही हाताखाली उतरवायला माणूस किती वेळ श्वास धरून उभा राहत असेल, हे त्यांना आता ठाऊक होतं. शेवटचा पाय खाचेत जातानाचा 'फुस्स' आवाज त्यांच्या कानात आला. आणि त्यांना तो फॉर्म आठवला, शेऱ्याच्या रकान्यातली ती रेघ.

"छान झालाय," सुतभरसाहेब म्हणाले.

मटार सोलणारे हात थांबले. बायकोने मान वर करून आधी त्यांच्याकडे आणि मग टर्नरकडे पाहिलं, कारण हे ऐकणारी आपण एकटीच तर नाही ना, याची तिला खात्री करून घ्यायची होती.

टर्नरने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"छान म्हणजे किती, साहेब?"

साहेबांनी शाफ्ट खिडकीतल्या उजेडासमोर धरला. त्यात अजूनही तोंड दिसत होतं, भुवईतल्या भुशासकट.

"सुतभर जास्तच," ते म्हणाले.

"मग लेखी द्या."

साहेबांनी कानावरची पेन्सिल काढली. कागद जवळ नव्हता, म्हणून त्यांनी सातवं स्टूल उलटं केलं आणि त्याच्या बुडावर, जिथे त्यांनी कधी कानशीचा ओरखडाही चालवून घेतला नव्हता, तिथे तीन शब्द लिहिले: शेरा, छान झालाय. खाली सही. टर्नरने स्टूल काखेत मारलं, तेच आपलं प्रमाणपत्र म्हणून. उंची त्याच्या बायकोला बरोबर होणार होती. ती उंच होती. जाताना शाफ्टही परत मागून घेतला, कारण घरी मसाला खोळंबला होता.

सगळे गेल्यावर साहेब बायकोसमोर जमिनीवर बसले, हातात शिवणकामाची कापडी टेप घेऊन. म्हणाले, आठवं सुरू करायचंय, टाच नीट टेकव.

"हे तिसरं चांगलं आहे की माझं," बायको म्हणाली.

"असेल. पण मला करायचंय," साहेब म्हणाले, आणि टेप उलटी धरली आहे हे बायकोने सांगेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही.